विक्रीच्या वस्तूंचे फोटो एआय अ‍ॅपवर सुधारताना

विक्रीसाठी काढलेला फोटो एआय अ‍ॅपवर सुधारायला घेताना एक मर्यादा आधीच आखून घ्यावी. वस्तूच्या कडेबाहेर जे आहे ते खुशाल बदलावे, कडेच्या आत जे आहे ते मात्र जसेच्या तसे राहू द्यावे. पार्श्वभूमी स्वच्छ करणे, नको ती वस्तू पुसणे, चौकट वाढवणे या कामांत ही अ‍ॅप खरोखर तरबेज आहेत. परंतु वस्तूचा रंग, पोत किंवा तिच्यावरची अक्षरे त्यांनी बदलली, की ग्राहकाने पाहिलेली वस्तू एक आणि त्याच्या हाती पडलेली दुसरी, असे होते.

म्हणून निम्मे काम फोटो काढतानाच उरकावे. वस्तू खिडकीशेजारी ठेवून उजेड एका बाजूने येऊ द्यावा आणि खोलीतले दिवे बंद करावेत, कारण दिव्याचा पिवळसर व खिडकीचा निळसर प्रकाश एकत्र आला, की एकाच वस्तूच्या दोन बाजूंवर दोन छटा उमटतात आणि त्या नंतर निस्तरणे अ‍ॅपलाही जड जाते. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. फोन वस्तूच्या फार जवळ नेल्यास पुढचा भाग फुगलेला दिसतो. थोडे मागे सरून दुप्पट झूमवर फोटो घेतला, तर आकार खरा येतो. पांढरा कप पांढऱ्या कागदावर ठेवू नये. कड कुठे संपते हे अ‍ॅपला कळत नाही आणि कपाचा कान अर्धवट कापला जातो.

पार्श्वभूमी काढण्यासाठी फोटोरूम, कॅनव्हा किंवा अ‍ॅडोबी एक्स्प्रेस यांपैकी हाताशी असेल ते चालेल. खरे काम त्यानंतरचे आहे. फोटो मोठा करून कडेकडेने नजर फिरवावी: लोकरीचे सुटे धागे छाटले गेले आहेत का, पिशवीच्या बंदामधल्या फटीत जुनी पार्श्वभूमी उरली आहे का, हे पाहावे आणि तेथे हाताने ब्रश चालवावा. काचेची बरणी सर्वांत त्रासाची, कारण मागचे टेबल काचेतून दिसतच राहते आणि पार्श्वभूमी पांढरी केल्यावरही बरणीच्या पोटात लाकडी तपकिरी रंग उरतो. अशी वस्तू मुळातच उजळ पांढऱ्या पडद्यापुढे ठेवावी आणि दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जेमतेम बाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या कराव्यात. काचेच्या कडांवर बारीक गडद रेषा येते आणि बरणीचा आकार उठून दिसतो.

सावली सगळी पुसू नये. वस्तू जेथे टेकते तेथली बारीक गडद रेषा गेली, की वस्तू हवेत तरंगू लागते. अ‍ॅपने नवी सावली घातली, तर तिची दिशा वस्तूवरच्या उजेडाशी जुळते का, तेवढे तपासावे.

लहान फोटो मोठा करून देणाऱ्या सोयीबाबत मी विशेष सावध असतो. एकदा बाटलीचा फोटो मी असाच चौपट केला. दुरून तो देखणा दिसला, पण लेबलावरच्या बारीक ओळींच्या जागी अक्षरांसारखे दिसणारे, न वाचता येणारे फराटे उमटले होते. नसलेला तपशील अ‍ॅप अंदाजाने भरते. अक्षरे असलेली वस्तू पुन्हा जवळून टिपणे हाच त्यावर उपाय. रंगाबाबतही तसेच: एका स्पर्शात फोटो खुलवणारे बटण टाळावे, वस्तू फोनच्या पडद्याशेजारी दिवसाच्या उजेडात धरावी आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगजुळणी, हाताने जुळवावा.

शेवटी मापे. अ‍ॅमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे आरजीबी (लाल, हिरवा, निळा) २५५, २५५, २५५ असावी लागते आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. गूगल मर्चंट सेंटरवर, म्हणजे गूगलवर दाखवायच्या विक्रीच्या वस्तूंची माहिती जेथे भरतात तेथे, एआयने निर्माण केलेल्या चित्रातली तशी मेटाडेटा नोंद (फाइलमध्ये दडलेली माहिती) काढून टाकण्यास मनाई आहे. फाइल एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत जतन करावी, आणि मूळ फोटो वेगळा ठेवावा. रंगाबद्दल ग्राहकाची तक्रार आली, तर ताडून पाहायला तोच लागतो.