कॅसेट लावण्याआधी कार्ड वाचा

माळ्यावर बुटाच्या खोक्यात जुन्या कॅसेटी सापडल्या की बहुतेक जण कुठून तरी टेप मिळवतात आणि लगेच लावून बघतात. पंचवीस-तीस वर्षं न हललेलं रीळ आणि त्यावर चिकट झालेला रबरी रोलर. पहिलं कडवं संपायच्या आत टेप रीळ खातो. माझी एक कव्वालीची कॅसेट अशीच गेली. तुटलेलं रीळ मी शहाणपणा करून साध्या चिकटपट्टीने जोडलं. एप्रिलात तिचा गोंद पाघळला आणि वरचे-खालचे वेढे एकमेकांना चिकटले. त्यामुळे टेप सध्या कपाटात राहू द्या. पहिलं काम आहे कागदाचं, म्हणजे डबीत घडी घालून ठेवलेल्या छापील कार्डाचं.

सगळंच वाचवायचा हट्ट नको. शंभर कॅसेटींत साठ हिंदी सिनेमाच्या निघतील. ती गाणी कंपन्यांकडे आहेत, मोबाईलवर आहेत, त्यांची काळजी करायला बरेच लोक आहेत. तुम्ही वेगळ्या काढायच्या त्या जिल्ह्याच्या गावांत निघालेल्या कॅसेटी: गायन पार्ट्यांची भीमगीतं, कव्वालीचे दुरंगी सामने, वगनाट्य, तुळजापूर-माहूरच्या देवीची गाणी, माळेगावच्या यात्रेत घेतलेली खंडोबाची गाणी, बंजारा तांड्यावरची गोरबोलीतली होळीची लेंगी. फिलिप्सने कॅसेट १९६३ साली आणली, पण आपल्याकडे तिने खरी धमाल केली ती ऐंशीच्या दशकात. रेकॉर्ड काढायची तर मोठ्या कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागे. कॅसेटला एक खोली, एक मास्टर (जिच्यावरून प्रती काढायच्या ती मूळ टेप) आणि दोन-चार कॉपी मशिनं पुरत. म्हणूनच त्यातल्या कित्येक गाण्यांची दुसरी प्रत कुठल्याच गोदामात नाही. बाजारातून ‘भरून आणलेल्या’ कॅसेटीही टाकू नका. दुकानदाराने हाताने लिहिलेली गाण्यांची यादी म्हणजे त्या गावाला काय आवडत होतं याचा कागदोपत्री पुरावा आहे.

आता प्रत्येक कॅसेटला नंबर द्या. सरळ ०००१ पासून. नंबरात विषय, गायक, कपाटाचा खण असलं काही गुंफू नका. खण बदलतो, विषयाबद्दलचं आपलं मतही बदलतं. डबीवर आणि आतल्या कॅसेटवर, दोन्हीकडे नंबर टाका, छापील मजकूर न झाकता. डब्यांची अदलाबदल ही घरोघरची गोष्ट आहे, तेव्हा कार्डावरचा कंपनीचा क्रमांक आणि कॅसेटवरचा क्रमांक जुळतो का ते आधी ताडून बघा. मग कार्ड पूर्ण उलगडून दोन्ही बाजू आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयला स्कॅन करा. घडीवर कार्ड फाटत असेल तर पट्टी लावू नका, तसंच स्कॅन करा.

साल काढणं हा या सगळ्यातला माझा आवडता भाग. १९८४ साली कॉपीराइट कायद्यात एक कलम आलं: कॅसेट काढणाऱ्याचं आणि हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष वेष्टनावर छापायला हवं. प्रामाणिक कंपनीच्या कार्डावर ते बारीक अक्षरात सापडतं. सापडलं नाही तर पत्ता वाचा, कारण मराठवाड्याचे जिल्हे आपल्या मदतीला येतात. गायकाच्या नावापुढे ‘वसमत, जि. परभणी’ असेल तर कार्ड बहुधा १ मे १९९९ च्या आधीचं, त्या दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ चा, जालना १ मे १९८१ चा. लोक जुन्या सवयीने जुना जिल्हा लिहीत राहतात हे खरं, म्हणून हा पुरावा एकट्याने निर्णायक नाही. उलट बाजूने मात्र तो पक्का: कार्डावर ‘जि. हिंगोली’ छापलंय म्हणजे कार्ड १९९९ च्या आधीचं नाहीच.

गाण्याच्या शब्दांतूनही काळ कळतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. नाव द्या म्हणून ललकारणारं गाणं बहुतेक या सोळा वर्षांतलं, नाव मिळाल्याचा आनंद त्यानंतरचा. अंदाजाचं साल लिहिताना पुढे ‘अंदाजे’ लिहा आणि कशावरून ते एका ओळीत नोंदवा. कारण न लिहिलेला अंदाज पाच वर्षांनी खरा वाटायला लागतो.

नोंदवही संगणकावरच्या साध्या तक्त्यात करा. रकाने: नंबर, कंपनी व तिचा क्रमांक, बाजू, गाण्याचा क्रम, शीर्षक, मुखडा, गायक, गीतकार, संगीत, भाषा, साल, किंमत, कॅसेट कुठून आली, अवस्था. गाण्याचं शीर्षक म्हणून कार्डावरचं नाव घ्याच, पण ऐकून मुखड्याची पहिली ओळ पूर्ण लिहा. कार्डावर जागा नसल्याने अर्धी ओळ छापलेली असते, कधी तर भलतीच. नावांचेही दोन रकाने ठेवा: ‘छापलंय तसं’ आणि ‘नेहमीचं’. प्रल्हाद शिंदे, प्रह्लाद शिंदे, पी. शिंदे ही एकाच माणसाची नावं आहेत का, हा निर्णय दुसऱ्या रकान्यात घ्यायचा. पहिल्यात आपलं शहाणपण चालवायचं नाही.

गीतकार छापला नसेल तर शेवटचं कडवं ऐका. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात ‘वामन’ येतो, तशी इतर अनेक शाहिरांची नाममुद्रा असते. ‘एका जनार्दनी’ ऐकू आलं की पैठणचे एकनाथ, ‘नामयाची दासी जनी’ म्हणजे गंगाखेडची जनाबाई. मग कार्डावर गीतकार म्हणून कुणा ‘बंडू’चं नाव छापलेलं असो. तेही ‘छापलंय तसं’ मध्ये जाऊ द्या.

आता टेप काढा. चांगल्या अवस्थेतला डेक, म्हणजे आवाज तारेने बाहेर देता येईल असा टेप हवा. हेड (रिळावरचा आवाज वाचणारा भाग) आणि धातूचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, रबरी रोलर सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा. ती वाजवली तर हेडमार्फत बुरशी पुढच्या सगळ्यांना लागेल. बाकीच्यांना षटकोनी पेन्सिलीने दोन-चार वेढे देऊन रीळ मोकळं फिरतंय का ते बघा. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. हेडसमोरचा नमद्याचा छोटा तुकडा गळून पडला असेल तर भंगार कॅसेटचा काढून बसवा, नाहीतर आवाज दबलेला येतो. तुटलेल्या रिळाला फक्त रीळ जोडायची खास पट्टी.

यानंतरचं काम फार थोडे जण करतात आणि फरक सगळ्यात जास्त त्याचाच पडतो. हेडच्या शेजारी, स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू असतो. त्याने हेडचा कोन बदलतो. गाणं चालू ठेवा, दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका आणि स्क्रू अगदी केसभर फिरवा. टाळ, खंजिरी, घुंगरू जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. छोट्या कंपन्यांच्या कॉपी मशिनींचे कोन एकमेकांशी जुळत नसत, म्हणून हे प्रत्येक कॅसेटला पुन्हा करायचं.

डेकच्या लाइन-आउटमधून तार लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात घेणाऱ्या छोट्या पेटीला) द्या. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. वेव्ह फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, तासाला साधारण १ जीबी जागा लागते. आवाजाचं टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. घरघर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बऱ्याचदा ती तिथेच संपते. पूर्ण बाजू ही एक अखंड फाइल, गाणी कापायची ती प्रतीत. मूळ फाइलवर खरखर घालवायचा प्रयोग अजिबात नको, त्यात खरखरीबरोबर झांजाही जातात. फाइलच्या नावात फक्त नंबर आणि बाजू. आणि पूर्ण बाजू कानाने ऐका. मागची प्लास्टिकची पाकळी तुटलेली असली की तिथे कागद कोंबून वर काहीही भरता यायचं. एका भीमगीतांच्या कॅसेटमध्ये चौथ्या गाण्यानंतर मला कुणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टका आणि जेवणाच्या पंगतीचा गलका सापडला. तो पुसला नाही, नोंदवला.

कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर, स्पीकरजवळ किंवा ओल येणाऱ्या भिंतीला नकोत. फाइलींच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे.

यादी आणि माहिती खुशाल वाटा. गाणी सर्वांसाठी चढवू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे १९८५ ची कॅसेट २०४५ अखेरपर्यंत कुणाची तरी आहे. संशोधकाला मूळ कॅसेटी द्यायच्याच असतील तर गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं ध्वनिसंग्रहालय १९८२ पासून असं काम करतंय, त्यांना आधी विचारा.

राहता राहिल्या ‘अज्ञात’ नोंदी. त्यांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे मोबाईलवर घ्या आणि १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांच्या स्टॉलपाशी थोडा वेळ उभे राहा. साठीपुढचा माणूस गाठून, ‘काका, हा आवाज कुणाचा?’ एवढंच विचारायचं. उत्तर आलं की तक्त्यात आणखी एक रकाना: कुणी सांगितलं, कधी सांगितलं.