हिंसाचारी नवऱ्याची परवान्याची बंदूक जमा करण्यासाठी अर्ज कसा करावा

नवरा मारहाण करतो आणि त्याच्याकडे परवान्याची बंदूक किंवा पिस्तूल आहे, अशा घरातील स्त्रीने सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की, तक्रार केली म्हणून ते शस्त्र आपल्या देशात आपोआप जमा होत नाही. अमेरिकेत कौटुंबिक हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला शस्त्र बाळगण्यास १९९६च्या संघीय कायद्यानेच बंदी आहे. आपल्याकडे अधिकार पुरेसे आहेत, पण ते दोन कायद्यांत विभागलेले असल्यामुळे मागणी दोन ठिकाणी आणि लेखीच करावी लागते.

पहिले ठिकाण न्यायालय. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ नुसार संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली पीडित स्त्रीच्या मदतीसाठी नेमलेले सरकारी अधिकारी) कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे हिंसाचाराची लेखी नोंद, तयार करतात. त्यात शस्त्राचा उल्लेख स्पष्टपणे करून घ्यावा. गोळी झाडलेली नसली तरी धमकी हाही या कायद्याने हिंसाचारच ठरतो, म्हणून ‘बंदुकीचा धाक दाखवतो’ एवढ्यावर न थांबता, ‘भांडण झाले की पिस्तूल जेवणाच्या ताटाशेजारी आणून ठेवतो, मुलांसमोर त्यात गोळ्या भरतो’ असे जे घडते ते तारीखवार लिहावे. पूर्वी पोलिसांत एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली असेल तर तिची प्रत जोडावी.

त्यानंतर याच कायद्याच्या कलम १२ खालील अर्जात कलम १८ चा संरक्षण आदेश मागताना शस्त्र ताब्यात घेण्याची विनंती स्वतंत्र परिच्छेदात करावी. हिंसाचारात वापरलेले शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करण्याचे काम न्यायदंडाधिकारी संरक्षण अधिकाऱ्यांकडे लेखी आदेशाने सोपवू शकतात, अशी तरतूद या कायद्याच्या २००६च्या नियमांतील नियम १० मध्ये आहे. अर्जात त्या नियमाचा उल्लेख अवश्य असावा. अर्जाची नोटीस नवऱ्याच्या हाती पडते आणि बंदूक मात्र अजून घरातच असते, तो काळ माझ्या मते सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून कलम २३ नुसार एकतर्फी अंतरिम आदेश (नवऱ्याचे म्हणणे ऐकण्याआधी दिला जाणारा तात्पुरता आदेश) त्याच वेळी मागावा आणि शक्य असल्यास त्या दिवसांत मुलांसह दुसरीकडे राहावे. वकिलाच्या खर्चाची अडचण असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

दुसरे ठिकाण परवाना देणारे प्राधिकरण, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी किंवा आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. संरक्षण आदेशाची प्रत पोलीस ठाण्याला मिळते, परंतु ती परवाना शाखेपर्यंत पोहोचेल असे गृहीत धरू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १७(३) नुसार परवानाधारक अयोग्य ठरल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित वा रद्द करता येतो. या कलमाचा हवाला देऊन अर्ज द्यावा, घटना अहवालाची आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत जोडावी आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. परवाना क्रमांक ठाऊक नसला तरी नाव, पत्ता आणि शस्त्राचा प्रकार लिहिल्यास शोध घेता येतो. निलंबनानंतर शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करणे कलम २१ नुसार बंधनकारक आहे.

बंदूक स्वतः उचलून माहेरी नेऊ नये किंवा भावाकडे ठेवायला देऊ नये, कारण परवान्याशिवाय बाळगल्याचा गुन्हा उलट ती जवळ ठेवणाऱ्यावरच येऊ शकतो. शस्त्र गावठी कट्टा असेल तर परवान्याचा प्रश्नच उरत नाही, थेट पोलिसांत तक्रार द्यावी. नवरा पोलीस दलात असून शस्त्र सरकारी असेल तर त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. जिवावर बेतण्याची वेळ आली तर कागदपत्रांची वाट न पाहता ११२ वर फोन करावा.

शस्त्र जमा झाल्याचे तोंडी ऐकून समाधान मानू नये. २०१९च्या दुरुस्तीनंतरही एका व्यक्तीला दोन शस्त्रे बाळगता येतात, त्यामुळे परवान्यावर नोंदलेली प्रत्येक बंदूक आणि तिची काडतुसे जमा झाली आहेत का, हे ठाण्यातील नोंदीवरून खात्री करून घ्यावे.