टोर्नेडोच्या मोसमात घरी वेदर रेडिओ कसा लावावा

पाणी, टॉर्च, औषधे आणि पासपोर्टची पिशवी तुम्ही भरून ठेवली असेल असे धरून चालतो. टेक्सास-ओक्लाहोमात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना सल्ले मिळतात ते एवढ्याचेच. रात्री झोपेतून उठवणार कोण, हे कुणी सांगत नाही.

२०२४ साली अमेरिकेत १,७०० हून जास्त टोर्नेडो झाले. २००४ नंतर एका वर्षात इतके कधीच झाले नव्हते. त्यातले मे महिन्यातले दोन आठवा: ६ मे रोजी ओक्लाहोमातले बार्न्सडॉल आणि २५ मे रोजी डॅलसच्या उत्तरेचे व्हॅली व्ह्यू. दोन्ही रात्रीचे. व्हॅली व्ह्यूच्या परिसरात सात माणसे गेली.

‘भोंगा वाजेल की’ हा सल्ला डोक्यातून काढून टाका. गावातले भोंगे घराबाहेर असलेल्या लोकांसाठी असतात. खिडक्या बंद, एसी चालू आणि बाहेर गारांचा मारा असताना ते ऐकू येतीलच असे नाही. फोनवरचा सरकारी इशारा चालू ठेवाच, पण फोनची बॅटरी संपते, रेंज जाते, फोन दुसऱ्या खोलीत राहतो. म्हणून वेदर रेडिओ हवा, म्हणजे हवामान खात्याचा इशारा येताच आपणहून वाजणारा रेडिओ. आणि तो काउंटीचा (आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाचा) कोड घेणाराच हवा. साधा मिळतो ३०-४० डॉलरला.

प्लग लावा, सेल घाला. सात चॅनेलांपैकी सर्वांत स्वच्छ ऐकू येणारे निवडा. आवाज खरखरत असेल तर रेडिओ खिडकीजवळ सरकवा.

आता कोड. मीही अडलो होतो तो इथेच, आणि बहुतेक घरांतला रेडिओ कपाटात जातो तोही इथल्याच चुकीमुळे. मेनूत ठिकाणासाठी एनी, सिंगल, मल्टिपल असे पर्याय असतात. बऱ्याच रेडिओंवर आधीपासून ‘एनी’ असते. ते तसेच ठेवले तर तुमचे चॅनेल ज्या मनोऱ्यावरून येते त्याच्या टप्प्यातल्या प्रत्येक काउंटीचा इशारा तुमच्या उशाशी वाजतो. एप्रिलमध्ये असे दोन-तीनदा झाले की घरातले कुणीतरी वैतागून प्लग काढते, आणि खऱ्या रात्री रेडिओ मुका असतो. ‘सिंगल’ निवडा आणि आपल्या काउंटीचा सहा आकडी कोड घाला. कॉलिन काउंटीचा ०४८०८५, डेंटनचा ०४८१२१, डॅलसचा ०४८११३, ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीचा ०४८२०१. सुरुवातीचे शून्य गाळू नका. पत्त्यातल्या शहराच्या नावावर विसंबू नका, घराच्या मालमत्ता कराच्या कागदावर काउंटी बघा. फ्रिस्को शहर कॉलिन आणि डेंटन अशा दोन्हींत पसरले आहे. सीमेला लागून राहत असाल तरच ‘मल्टिपल’ करून शेजारची काउंटी जोडा.

त्यानंतर इशाऱ्यांची यादी उघडा. ‘सगळे चालू ठेवा, काळजी घेतलेली बरी’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. वॉच म्हणजे टोर्नेडो होण्याजोगे हवामान आहे. वॉर्निंग म्हणजे तो दिसला आहे किंवा रडारवर त्याची खूण उमटली आहे, आणि हातात बहुधा काही मिनिटेच आहेत. टोर्नेडो वॉर्निंग चालू हवीच. वादळाची वॉर्निंगही ठेवा: १६ मे २०२४ च्या वाऱ्याने ह्यूस्टनच्या उंच इमारतींच्या काचा फोडल्या, तो टोर्नेडो नव्हता. बाकीचे जे बंद करता येतात ते बंद करा; फक्त घर ओढ्याकाठी असेल तर पुराचा इशारा राहू द्या. एवढे करूनही काउंटीच्या दुसऱ्या टोकाचे इशारे येतीलच, कारण रेडिओ अख्खी काउंटी एकच धरतो. ते सहन करा. उठा, फोनवर वॉर्निंगचा नकाशा बघा, आपले घर त्यात नसेल तर झोपा.

रेडिओ झोपायच्या खोलीत ठेवा, स्वयंपाकघरात नको. आई-बाबा बहुतेक याच एप्रिल ते जूनमध्ये भारतातून येतात. त्यांना रेडिओवरचे भराभर इंग्रजी कळेलच असे नाही. तो आवाज त्यांना एकदा ऐकवून ठेवा आणि सांगा, ‘हा वाजला की विचारत बसू नका, चपला घालून खालच्या बाथरूममध्ये या.’

जायची जागा म्हणजे तळमजल्यावरची, मधोमध असलेली, खिडकी नसलेली खोली. वरच्या मजल्यावर अपार्टमेंट असेल तर खालच्या शेजाऱ्यांशी आजच बोला. मुलांच्या सायकलची हेल्मेटे तिथेच टांगा. हवेचा दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडा, असा निरोप व्हॉट्सॲपवर दर वर्षी फिरतो. त्यात तथ्य नाही, उलट तेवढी मिनिटे वाया जातात. हायवेच्या पुलाखाली आसरा तर कधीच घेऊ नका. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेली माणसे मेली.

साधारणपणे बुधवारी सकाळी ११ ते १२ दरम्यान साप्ताहिक चाचणीचा संदेश येतो. त्यानंतर रेडिओच्या पडद्यावर त्याची नोंद दिसली नाही तर कोड किंवा चॅनेल चुकले असू शकते. त्याच दुपारी पुन्हा लावा. सेल मार्चच्या सुरुवातीला बदला.