इंग्रजी शब्द पाठ करू नका, गावातल्या उदाहरणाला बांधा

गटचर्चेत स्त्री-पुरुष समानतेवर इंग्रजीत बोलायची वेळ आली की मराठवाड्यातली हुशार पोरं-पोरीही अडखळतात. शब्द येत असतात, पण ते कुठं लावायचे हे सुचत नाही. म्हणून प्रत्येक शब्दाला आपल्या भागातलं एक उदाहरण जोडा.

बीडकडं ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एकच 'कोयता' म्हणून धरली जाते आणि उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, बहुतेकदा नवऱ्याच्या हाती जाते. बाई दिवसभर फडात मोळ्या बांधते. शिवाय कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भाकरी, पाणी, लेकरं तिच्याकडंच. कोपीवरचं हे काम म्हणजे 'अनपेड केअर वर्क', घर सांभाळायचं बिनपैशाचं काम. माझ्या मते सगळ्यात आधी हाच शब्द शिकावा, कारण हे काम कुणी मोजतच नाही. एकाच कामाला बाईला कमी रोज मिळाला, तर तो 'वेज गॅप'.

'इक्वॅलिटी' आणि 'इक्विटी' यांत गल्लत होते. शाळेचं दार दोघांनाही उघडं, ही इक्वॅलिटी. लांबून येणाऱ्या मुलीला एसटीचा मोफत पास, ही इक्विटी. आपल्या पंचायतींत ५० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्याला 'रिझर्व्हेशन' म्हणा, 'चॅरिटी' कधीच नको. आणि 'चेअरमन'च्या जागी 'चेअरपर्सन'.

रोज एकच शब्द घ्या आणि त्यावर दोन वाक्यं मोठ्यानं बोला.