मोटारीत व्हीएचएफ रेडिओ बसवताना

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना हातात पडला की बहुतेकांना पहिली ओढ लागते ती गाडीत रेडिओ बसवण्याची. संच निवडण्यात महिनोन्‌महिने जातात आणि वायरिंग मात्र एका रविवारी दुपारी उरकले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि एकदा स्वतःही केले आहे. खरे तर संच कोणत्याही बऱ्या कंपनीचा असला तरी चालतो. गाडीच्या धातूशी त्याचा आणि अँटेनाचा जोड कसा झाला आहे, यावरच पुढची काही वर्षे तो सुखाने बोलणार की कुरकुरणार हे ठरते.

पुढील मजकूर भारतात हौशी रेडिओसाठी असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावरील (व्हीएचएफ, म्हणजे अतिउच्च वारंवारतेचा), साधारण ५० वॉटचा संच १२ व्होल्टच्या मोटारीत बसवणाऱ्यांसाठी आहे. परवाना दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून मिळतो. तो हाती आल्यावर आणि गाडीतून प्रक्षेपण करण्याविषयीच्या त्यातील अटी वाचल्यावरच पान्ह्याला हात लावावा.

५० वॉट प्रक्षेपण करताना असा संच साधारण १० ते १२ अँपिअर प्रवाह ओढतो. त्यामुळे सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेण्याचा मोह टाळावा. मी पहिल्यांदा तेच केले होते. ऐकू सगळे छान येई, पण माइकचे बटण दाबले की संच बंद पडे, कारण त्या सॉकेटपर्यंत येणारी बारीक वायर आणि तिच्यातील सैल संपर्क एवढा प्रवाह पेलू शकत नव्हते. वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून आणावी आणि तिची जाडी आकडेमोड करूनच निवडावी. बॅटरीपासून संचापर्यंत ४ मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन ८ मीटर तांबे होते. १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये १२ अँपिअरला जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि बहुतेक संचांना किमान ११.७ व्होल्ट लागतात, हे लक्षात घेतले की बारीक वायर का चालत नाही ते वेगळे सांगावे लागत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवावे. पॉझिटिव्ह वायरवर १५ अँपिअरचा, किंवा संचाच्या पुस्तिकेत दिलेला, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच बसवावा. फ्यूज संचाला वाचवण्यासाठी असतो, असा समज सर्रास आढळतो. तो मुख्यतः वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर पत्र्याला घासून सोलली गेली आणि फ्यूज डॅशबोर्डखाली असला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतच्या तुकड्याला कोणीच वाली उरत नाही. इंजिन आणि केबिन यांमधील पत्र्यातून वायर नेताना तेथे आधीपासून असलेल्या रबरी ग्रोमेटचा, म्हणजे भोकाच्या कडेवरच्या रबरी कड्याचा, उपयोग करावा. नवे भोक पाडावेच लागले तर पलीकडे काय आहे ते पाहून पाडावे, कडा कानशीने घासाव्यात आणि ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर आत घालू नये. पेडल, स्टिअरिंगचा दांडा आणि खांबांमध्ये दडवलेल्या एअरबॅग यांच्यापासून ती दूर राहिली पाहिजे.

निगेटिव्ह वायरीबद्दल मात्र मतभेद आहेत. जुनी पद्धत अशी की दोन्ही वायरी बॅटरीवर न्याव्यात आणि दोन्हींवर फ्यूज लावावेत. यामागे कारण होते: इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थ पट्टी गंजून सुटली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधताना अँटेनाच्या केबलमधील तारांच्या जाळीच्या वेष्टनातून आणि रेडिओच्या निगेटिव्ह वायरीतून वाहू शकतो, आणि निगेटिव्हवरचा फ्यूज ते रोखतो. पण तोच फ्यूज एरवी उडाला तर संच बंद पडत नाही; त्याचा प्रवाह निमूटपणे अँटेनाच्या जाळीतून परतू लागतो आणि कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. त्याला वगळून वायर थेट टर्मिनलला जोडली तर गाडीचा बॅटरीविषयीचा हिशेब चुकतो. म्हणून माझ्या मते, बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जेथे बोल्टने जोडलेली असते, तेथेच किंवा तिच्या जवळ रेडिओची निगेटिव्ह वायर जोडावी आणि तिच्यावर फ्यूज ठेवू नये. त्या जागेचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, वायरीच्या टोकाला नीट दाबलेली तांब्याची थिंबल (बोल्टसाठी भोक असलेले टोक) दातेरी वॉशरसह आवळावी आणि वरून ग्रीस लावावे. कोकणात किंवा मुंबईत गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर ग्रीसचा कंटाळा अजिबात करू नये.

ट्रक किंवा बसमध्ये २४ व्होल्ट असतात. तेथे दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढण्याची युक्ती काही जण सुचवतात. तसे केल्यास एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जादा चार्ज होते आणि दोन्ही लवकर मरतात. २४ वरून १३.८ व्होल्ट देणारा कन्व्हर्टरच लावावा.

अँटेनासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे लोखंडी छताचा मध्य. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर असल्याने तिच्या पावपट लांबीची अँटेनाची काडी अर्ध्या मीटरच्या आसपास भरते, आणि तिचा उरलेला अर्धा भाग म्हणजे खालचा पत्राच असतो. छत काचेचे असेल तर डिकीच्या किंवा बॉनेटच्या कडेला क्लॅम्प लावावा. त्याचे स्क्रू रंग भेदून धातूला लागले आहेत की नाही हे मल्टीमीटरने तपासावे. चुंबकाचा तळ सोयीचा असतो, पण त्याखाली अडकलेली धूळ रंग खाते, म्हणून तो अधूनमधून उचलून पुसावा. केबल दारातून आत घेताना रबराखाली चेपली जाणार नाही असे पाहावे आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथेच ठिबकते. आरजी-५८ केबल या वारंवारतेवर ५ मीटरमध्ये साधारण एक डेसिबल, म्हणजे पाचवा हिस्सा शक्ती, खाते. तेव्हा उरलेल्या केबलचे भेंडोळे सीटखाली ठेवण्यापेक्षा ती कापून नवा कनेक्टर लावावा.

नंतर गाडी मोकळ्या जागेत उभी करून, दारे आणि बॉनेट लावून, कमी शक्तीवर एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणारा आकडा, मोजावा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला, मध्यभागी आणि वरच्या टोकाला, चॅनेल रिकामे आहे याची खात्री करून आणि आपले कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचे ओळखचिन्ह, सांगून हे करावे. खालच्या टोकाला आकडा कमी आणि वर जास्त असेल, तर काडी लांब आहे. २ मिलिमीटर कापल्याने जवळपास अर्धा मेगाहर्ट्झ फरक पडतो, त्यामुळे पक्कड जपून चालवावी. १.५ च्या आत आकडा आला की थांबावे; तेथे परत येणारी शक्ती अवघी ४ टक्के असते.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शीळ ऐकू आली तर अँटेनाची केबल काढून पाहावी. तरीही शीळ राहिली तर ती वीजवाहिनीतून येते, आणि बहुतेक वेळा दोष अर्थच्या जोडात सापडतो.

माइक चालकाच्या गुडघ्याला किंवा गिअरला अडणार नाही असा टांगावा. गाडी हाकताना तो हातात धरणे कायद्यालाही मान्य नाही. इंजिन चालू ठेवून, उभ्या गाडीतून पूर्ण शक्तीवर बोलून पाहावे आणि डॅशबोर्डवरचा एखादा दिवा उगाच लागतो का, वायपर स्वतःहून हलतात का, याकडे लक्ष द्यावे. दोन-तीन मिनिटांच्या प्रक्षेपणानंतर संच बंद करून फ्यूजचे घर आणि प्रत्येक थिंबल बोटाने चाचपावी. जी गरम लागेल ती कापून नव्याने दाबावी. पहिला पावसाळा सरल्यावर बॉडीवरचा तो बोल्ट एकदा उघडून, पत्रा अजून चकचकीत आहे ना, हे पाहून घ्यावे.