‘कणा’ आणि ‘झोंबी’ : आशा व जिद्द यांची तुलना कशी लिहावी

कविता आणि कादंबरी यांची तुलना लिहिताना बहुतेक विद्यार्थी दोन्हींचा सारांश देतात आणि ‘दोन्हींत जिद्द दिसते’ असे म्हणून मोकळे होतात. ती तुलना नव्हे. कुसुमाग्रजांची ‘कणा’ आणि आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) ही आत्मचरित्रात्मक कादंबरी घेऊन रीत पाहू.

आधी दोन्ही शब्द वेगळे करावेत. जिद्द माणसाच्या कृतीत शोधावी. आशा तो कोणाच्या दारी जातो, यात शोधावी. ‘कणा’तील पूरग्रस्त माजी विद्यार्थी पडकी भिंत बांधतो आणि चिखलगाळ काढतो, ही जिद्द, पण तो भर पावसात सरांकडे येतो आणि त्यांचा हात खिशाकडे जाताच हसत उठतो, तिथे आशा दिसते. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडल्यावर काय होते, हे सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाहिले असल्याने कवितेत घरी पाहुणी आलेली गंगामाई, म्हणजे पूर, इथल्या वाचकाला केवळ प्रतिमा वाटत नाही. तरीही स्वतःच्या आठवणीला एकच वाक्य द्यावे, नाहीतर उत्तरातून कविताच वाहून जाते.

कादंबरीतून मोजके प्रसंग निवडावेत. वडिलांनी शाळा सोडवून शेतात जुंपलेला आनंदा आईसह गावातल्या वजनदार दत्ताजीराव देसाईंकडे मदतीसाठी जातो आणि आपण येऊन गेल्याचे वडिलांना कळू नये, अशी विनंती करतो. इथे जिद्दीला युक्तीची जोड आहे, हे नोंदवावे. पुढे पुन्हा सुरू झालेल्या शाळेत सौंदलगेकर मास्तरांमुळे कवितेचा नाद लागल्यावर तो पिकाला पाणी देताना कविता म्हणतो आणि म्हशीच्या पाठीवर काठीने ओळी लिहितो.

खरी तुलना एकटेपणाच्या मुद्द्यावर होते, आणि उत्तराचा अधिक भाग तिलाच द्यावा. ‘कणा’तील माणूस एकटे वाटले म्हणून गुरूकडे येतो, आणि पाठीवर हात ठेवून ‘लढ’ म्हणा, एवढेच मागतो. आनंदाला मात्र गुरूने दिलेल्या कवितेमुळे रानातला एकटेपणा हवासा वाटू लागतो, कारण तिथे मोठ्याने गाता येते. कवितेत एका भेटीपुरता काळ असल्यामुळे आशा एका शब्दावर येऊन थांबते, तर कादंबरीत ती वर्षानुवर्षे रोजच्या कामात मुरत जाते. म्हणून कवितेतील नेमके शब्द उद्धृत करावेत. कादंबरीतील प्रसंग मात्र स्वतःच्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत मांडावा.