डेमो गाडी नवी की जुनी? घेताना या चुका टाळा

माझ्या मावसभावाने शोरूमची डेमो गाडी घेतली. मीटरवर साडेसातशे किलोमीटर, रंगावर ओरखडा नाही, सवलतही चांगली. "नवीच आहे हो, फक्त टेस्ट ड्राइव्हला फिरलीय," असं विक्रेत्याने सांगितलं आणि ते खरंही होतं. दोन महिन्यांनी स्क्रीन मधूनच काळी पडायला लागली म्हणून गाडी सर्व्हिसला नेली, तेव्हा कळलं की वॉरंटीचे अकरा महिने आधीच संपले आहेत. त्याने गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी नव्हे, तर शोरूमने ती स्वतःच्या नावावर नोंदवली त्या दिवशी वॉरंटी सुरू झाली होती. मीटरमध्ये कुणी फेरफार केला नव्हता, कुणी खोटंही बोललं नव्हतं. गाडी किती फिरली एवढंच त्याने विचारलं, कधीपासून फिरतेय हे विचारायचं राहून गेलं.

डेमो गाडी नवी की जुनी, याला एकच उत्तर नाही. अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था, फेडरल ट्रेड कमिशन, हिच्या नियमानुसार, गाडी हलवण्यासाठी किंवा ग्राहकाला देण्याआधी तपासण्यासाठी लागतं त्याहून जास्त चालवलेली गाडी 'वापरलेली' ठरते, म्हणजे डेमो गाडी तिथे सरळ जुनी. युरोपीय संघात मात्र एका देशातून दुसऱ्या देशात गाडी नेताना मूल्यवर्धित कराच्या हिशेबात, पहिल्या वापराला ६ महिने झाले नसतील किंवा ती ६,००० किलोमीटरपेक्षा जास्त चालली नसेल, तर ती 'नवी'. दोन्हीपैकी एक अट पुरली तरी चालतं. त्यामुळे आठ महिने डेमोला फिरलेली आणि चार हजार किलोमीटर झालेली गाडी तिथे करापुरती नवी राहते. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तर २००३ मध्ये एक किलोमीटरही न फिरलेल्या गाडीबद्दल म्हटलं की उत्पादन आणि विक्रीचा करार यांत साधारण १२ महिन्यांहून जास्त काळ गेला असेल, तर तिला 'कारखान्यातून आलेली नवी' म्हणता येत नाही.

कर खातं, बँक, विमा कंपनी, गाडी बनवणारी कंपनी, प्रत्येकाची व्याख्या वेगळी असते. माझं मत विचाराल तर स्पष्ट सांगते: कुणाच्याही नावावर एकदा नोंद झालेली किंवा टेस्ट ड्राइव्हला फिरलेली गाडी जुनीच धरा आणि भावही तसाच करा.

चूक पहिली: सगळ्यांना 'डेमो' म्हणून एकाच मापाने मोजणं

शोरूमच्या काचेआड उभी असलेली, नोंदणीच न झालेली डिस्प्लेची गाडी वेगळी. महिन्याचं टार्गेट गाठायला शोरूमने स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवलेली वेगळी. टेस्ट ड्राइव्हची वेगळी आणि सर्व्हिसला आलेल्या ग्राहकाला तात्पुरती वापरायला दिलेली त्याहून वेगळी. पहिल्या प्रकारात तुम्ही कागदावर पहिले मालक असता, बाकीच्यांत दुसरे. पुढे गाडी विकायला काढलीत की हा फरक किमतीत दिसतो. म्हणून नोंदणीचं पुस्तक हातात घेऊन मालकाचा रकाना स्वतः वाचा.

चूक दुसरी: फक्त मीटर बघणं

ही मला सगळ्यात मोठी चूक वाटते. डेमो गाडी किलोमीटरपेक्षा तासांनी झिजते. ग्राहक येतो, एसी लावून दहा मिनिटं बसतो, बटणं दाबून बघतो, मग दोन किलोमीटर चक्कर मारतो. इंजिन नीट तापायच्या आत गाडी परत जागेवर. थंड इंजिनवर पाय दाबून 'पिकअप बघणारे' बरेच असतात आणि सुरुवातीचे हजारेक किलोमीटर इंजिन सांभाळून चालवा असं मॅन्युअलमध्ये लिहिलं असलं, तरी टेस्ट ड्राइव्हला आलेला माणूस ते वाचून येत नाही.

हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. मीटरशेजारच्या पडद्यावर अंतर, वेग वगैरे दाखवणाऱ्या ट्रिप कॉम्प्युटरमध्ये आजवरचा सरासरी वेग बघा. समजा मीटरवर ९०० किलोमीटर आहेत आणि सरासरी वेग ताशी ११ किलोमीटर आहे. म्हणजे गाडी जवळपास ८२ तास चालू होती. तेच ९०० किलोमीटर ताशी ४५ च्या सरासरीने झाले असते तर २० तास पुरले असते. एकच खबरदारी: ट्रिपचं अंतर आणि मीटरचं अंतर जुळत असेल तरच हा हिशेब धरा. मधल्या काळात कुणी ट्रिप शून्यावर आणली असेल, तर सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर इंजिनचे तास दिसतात का ते विचारा.

हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर क्लच कुठे पकडतो तेही बघा. नवशिक्या हातांनी अर्धा क्लच दाबून ठेवलेला असतो, त्याची झीज मीटरवर येत नाही.

चूक तिसरी: तारखा न विचारणं

उत्पादनाचा महिना, नोंदणीची तारीख, वॉरंटी सुरू झाल्याची तारीख. या तिन्ही लेखी घ्या. तिसरी तारीख विक्रेत्याच्या तोंडून न घेता चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरच्या सिस्टीममधून काढून घ्या. उरलेली वॉरंटी कमी असेल तर वाढीव वॉरंटी शोरूमच्या खर्चाने मागा, ही मागणी अजिबात अवाजवी नाही. इंजिन ऑइलचंही तसंच: किलोमीटर झाले नसले तरी वर्ष उलटलं की ते बदलावं लागतं. इलेक्ट्रिक गाडीच्या मुख्य बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या ८ वर्षांची देतात. ती पहिल्या ग्राहकाला गाडी दिल्यापासून मोजतात की शोरूमच्या नोंदणीपासून, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत वाचा. ही गाडी महिनोन्‌महिने शंभर टक्के चार्ज करून उभी होती का, हेही विचारा, कारण तशी उभी राहिली की बॅटरी लवकर म्हातारी होते.

चूक चौथी: कर्ज आणि विमा शेवटी बघणं

बँकेने गाडी 'जुनी' धरली तर व्याजदर वाढू शकतो आणि सवलतीतला मोठा वाटा तिकडे जातो. नव्या गाडीच्या विम्यात मिळणारं पूर्ण भरपाईचं कलम दुसऱ्या मालकाला लागू होतंच असं नाही. टोकन देण्याआधी दोन्हीकडे चासी नंबर आणि नोंदणीची तारीख सांगून लेखी उत्तर मागवा.

चूक पाचवी: सवलत छापील किमतीशी ताडून बघणं

नव्या कोऱ्या गाडीवरही घासाघीस होते. तिथे प्रत्यक्ष किती कमी करतात ते आधी काढा आणि डेमोची किंमत त्याच्याशी लावून बघा. बऱ्याचदा फरक वाटला होता त्याच्या निम्माही निघत नाही.

गाडी घेऊन झाली आणि तक्रारी सुरू झाल्या तर

सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर येऊन मग थांबत असेल, तर तो ब्रेकच्या डिस्कवरचा वरवरचा गंज आहे, काळजी नको. रोज, प्रत्येक ब्रेकला पेडल थरथरत असेल तर उभी राहून डिस्क खराब झाली आहे. लगेच लेखी तक्रार नोंदवा. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि थोडं चालवून टायर तापले की थांबतं? टायर एका जागी दबले आहेत. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. चारही टायरच्या तारखांत फार अंतर असेल तर एखादा बदलला आहे, का बदलला ते विचारा.

गाडी सुरूच होत नसेल तर संशय आधी बारा व्होल्टच्या बॅटरीवर घ्या. शोरूममध्ये दिवसभर दारं उघडी, दिवे चालू, स्क्रीन चालू, त्यात ती कित्येकदा पूर्ण उतरलेली असते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ च्या खाली म्हणजे अर्ध्याहून जास्त रिकामी. चार्ज करूनही दोन दिवसांत तिथेच येत असेल तर बदलून मागा.

आणि गाडीचं ॲप. ब्लूटूथच्या यादीत अनोळखी फोन सापडतात, ते पुसायला मिनिट लागतं. पण ॲपमध्ये मालक म्हणून शोरूमचं खातं राहिलं असेल, तर ते त्यांच्याकडून किंवा कंपनीच्या ग्राहक सेवेकडूनच काढून घ्यावं लागतं. ते निघेपर्यंत तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्यांच्या फोनवर दिसू शकतं, काही गाड्यांची दारंही तिथून उघडतात. म्हणून डिलिव्हरीच्या वेळी किल्ली हातात घ्यायच्या आधी, तिथेच उभं राहून, तुमचं खातं जोडून घ्या.